अकरा नावं आणि मोहरीची उशी

आमच्या दुकानाची वेबसाइट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, घरात कुणाचं तरी लग्न ठरलंय. वर गणपती, त्याच्या दोन बाजूंना लुकलुकणाऱ्या समया, खाली हार घातलेला आजोबांचा फोटो आणि मग वडीलकीच्या क्रमाने अकरा नावं. सगळ्यात शेवटी काकांच्या चार वर्षांच्या नातीचं बोबडं आमंत्रण, 'आमच्या दुकानात नक्की यायचं हं.' पान उघडताच सनई सुरू व्हायची. नागपूरच्या सायबर कॅफेत मी ते उघडलं आणि आजूबाजूची चार डोकी माझ्याकडे वळली. विकायला काय आहे हे कळण्यासाठी पान पार तळापर्यंत ओढावं लागे. तिथे गाद्या, रजया, तक्के होते, आणि बाळाची मोहरीची उशी 'इतर' या शब्दामागे दडवलेली होती.

ही गोष्ट दोन हजार सातच्या सुमाराची. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जाम गावच्या चौरस्त्यावर आमचं गाद्यांचं दुकान होतं. बाबा पुढे गल्ल्यावर बसत आणि काका मागच्या खोलीत कापूस भरत, टाके घालत. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या चहाला थांबायच्या, माणसं पाय मोकळे करता करता दुकानात शिरायची आणि जाताना रजई घेऊन जायची. पुढे रस्ता रुंद झाला आणि गाड्या थांबेनात. दोन घरं त्या एका दुकानावर चालत होती. इंटरनेटवरून विक्री जमली नाही तर दिवाळीनंतर दुकान बंद करायचं, असं दोघा भावांनी ठरवून टाकलं होतं.

वेबसाइट केली होती आत्याच्या जावयाने. हिंगणघाटला त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि त्याच खोलीत ते लग्नपत्रिकाही छापून द्यायचे. त्यांना मांडणी एकच येत होती, ती त्यांनी आम्हालाही दिली. जावई असल्यामुळे त्यांच्या कामाला नावं ठेवायची सोय नव्हती. खुद्द बाबांना तर ती मांडणी फारच आवडली होती. सगळी नावं क्रमाने होती, कुणी सुटलं नव्हतं, कुणाचं तोंड वाकडं व्हायला जागा नव्हती. गिऱ्हाइकाला उशी सापडते की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नव्हता.

तो मला पडला, कारण मी तेव्हा नागपूरला एका लहानशा कंपनीत वेबसाइटी बनवत होतो. अनुभव एका वर्षाचा होता आणि माज दहा वर्षांचा. आमचे साहेब 'युजर' हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा डोळे मिटून उच्चारायचे, आणि मीही शनिवारी जामला उतरलो की दुकानात बसून तोच शब्द सगळ्यांना ऐकवायचो. काका उन्हात मोहरी वाळत घालत, चाळणीने तिच्यातली धूळ काढत. मी त्यांना ओलांडून आत जायचो आणि बाबांना सांगायचो की तिसऱ्या क्लिकला माल हाती नाही आला तर गिऱ्हाईक पळतं.

बाबा म्हणायचे, "राहू दे नावं. नावानं कोणाचं पोट दुखून राह्यलं?"

एका शनिवारी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं माहेर आर्वीचं. मुलीचे दिवस भरत आले होते आणि त्यांना मोहरीची उशी हवी होती. त्या म्हणाल्या, पान उघडलं तेव्हा कुणाची तरी पत्रिका चुकून आली असं समजून मी दोनदा बंद केलं. अकरा नावं वाचली, पण यातलं कुणाशी बोलायचं ते कळलं नाही. बाबांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आर्वीच्या कोणाकडच्या तुम्ही?" मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या रात्रीच नागपूरला परतून मी वेबसाइट साफ करायला घेतली. सनई गेली, समया गेल्या, आजोबा गेले, अकराच्या अकरा नावं गेली. पहिल्याच ठिकाणी मोठ्या फोटोत मोहरीची उशी, शेजारी किंमत आणि त्याखाली 'मागवा' असं लिहिलेलं एक बटण. पत्ता भरला की पार्सल पोस्टाने घरी आणि पैसे पोस्टमनच्या हातात. जावयांच्या कलाकृतीचा एक ठिपकाही मी शिल्लक ठेवला नाही, आणि हे करताना मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. कुणाला विचारलं नाही. या लोकांना काय विचारायचं, असंच मला वाटत होतं.

आणि मागण्या आल्या. पुणे, भोपाळ, रायपूर, कुठून कुठून. दिवाळीनंतरही दुकान उघडंच राहिलं. बाबा आता माझ्याविषयी जरा आदराने बोलू लागले, आणि मी घरातल्या बाकी अडाण्यांकडे अधिकच नाक वर करून बघू लागलो. काका दिवसभर उशा भरत. काय बदललं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, कारण कॉम्प्युटर त्यांना कुणी उघडून दाखवला नव्हता.

तो दाखवला जावयांनी, हिंगणघाटला त्यांच्या क्लासात. काका तिथून परत आले, मोहरीची चाळणी खिळ्याला अडकवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आठवड्याभरात कळलं की ते लग्नाला मंडप, गाद्या भाड्याने देणाऱ्या हिंगणघाटच्या एका बिछायत केंद्रात गाद्या भरायला लागले आहेत. आमच्याकडे नाव गळणं म्हणजे वाटणी होणं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते हास्यास्पद वाटत होतं, एवढंच.

बाबांनी एक माणूस ठेवला. त्याने उशा गच्च भरल्या. मोहरीच्या उशीत जागा मोकळी ठेवायची असते, तरच बाळाचं डोकं आत सामावतं आणि कुशीबरोबर मोहरी सरकते, हे त्याला ठाऊक नव्हतं, बाबांना नव्हतं आणि युजरच्या या भक्ताला तर नव्हतंच. भोपाळहून एका आजीने उशी परत पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं की शिवण उसवून पाळणाभर मोहरी झाली आणि बाळ रात्रभर रडलं.

बाबा मला म्हणाले, जा आणि काकाले घेऊन ये. मी गेलो. बिछायत केंद्राच्या मागच्या शेडमध्ये काका लग्नाच्या तक्क्यांमध्ये बसले होते. माफी मागायला गेलेला मी, आणि केलं काय तर त्यांना समजावून सांगायला लागलो. माणसाची नजर पानावर आधी कुठे जाते, जास्त मजकूर असला की तो कसा गोंधळतो, नावांचा गिऱ्हाइकाला उपयोग कसा नसतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "तू म्हणतं ते बरोबर असंन. पण मले विचारलं असतं त मीच म्हटलं असतं, पुसून टाक माहं नाव. तू विचारलंच नाई."

चहा पिऊन मी एकटाच एसटीने परत आलो, आणि तेव्हाही वाटेत माझ्या मनात राग होता तो त्यांच्याविषयीच. स्वतःविषयीचा राग यायला मला आणखी बरीच वर्षं लागली.

बाबांनी उशा पाठवणं बंद केलं. मी नागपूरला परतून फोटोखालचं 'मागवा' काढलं आणि तिथे 'सध्या उपलब्ध नाही' असं लिहिलं. पान उघडताच नजर पहिल्यांदा जिथे जाते, नेमकं तिथे. ते वाचताना एकाही गिऱ्हाइकाला अडचण आली नाही.