हाताएवढी भाकर

याडीच्या चुलीपाशी गेलं की ती आधी म्हणायची, "हात दाखव." परातीत ज्वारीचं पीठ भुरभुरलेलं असायचं. त्यात आपण पंजा उमटवायचा आणि त्या पंजाएवढी भाकर ती थापायची. तीन वर्षांच्या पोराला इवलीशी चानकी, दहा वर्षांच्याला मोठी. भूक लागली का, असं तिनं कधी कुणाला विचारलं नाही. "पोट खोटं बोलते," ती म्हणायची, "हात नाही बोलत."

ती आर्णीजवळच्या तांड्यावरची. याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई, आणि ती सगळ्यांचीच होती. माझे वडील कचेरीत कारकून, आमचं भाड्याचं घर तांड्याला लागूनच. तिची नात कमली माझ्या वर्गात. घरी तूपसाखरेची पोळी, वर बिस्किटं खाऊन मी पुन्हा याडीकडे धावायची. आई कपाळाला हात लावायची, म्हणायची, पोरीच्या पोटात काय विहीर आहे! खरं तर मला भाकरीपेक्षा तिची थपथप हवी असायची. धुरानं डोळे मिटायचे आणि सगळं जग त्या आवाजाएवढंच गोल वाटायचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. याडीच्या मुलानं सगळं वावर कापसाला दिलेलं, ज्वारी बाजारातून थोडीथोडी यायची. कमलीला दोन्ही वेळेला तेवढी एकेकच भाकर, तिच्या पंजाएवढी.

एका संध्याकाळी आम्ही दोघींनी एकदमच हात उमटवले. वय एकच, पण कमलीचा पंजा माझ्या धाकट्या बहिणीचा वाटावा असा. याडी थांबली. मागच्या पेरणीलाही हिचा हात एवढाच होता, असं काहीसं पुटपुटली. मग दोन्ही ठशांवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाली, "मीच येडी. हातानं भाकर नाही वाढत वं, भाकरीनं हात वाढते."

त्या दिवसापासून कमलीची भाकर माझ्या पंजाची. मी गेले नाही तर निरोप यायचा, मापाला ये. पेरणीला याडी मुलाशी भांडली. ज्वारीला कोण विचारते, असं तो म्हणाला, तर तिनं विचारलं, तुझी पोरगी काय सरकी खाईल? तो ऐकेना, तेव्हा ओटीत बी घेऊन तिनं स्वतःच बांधालगत ज्वारी पेरली. हिवाळ्यात पांढऱ्या वावराच्या काठानं ती कणसं डोलायची. अजूनही झोप लागता लागता मला तीच दिसतात.

तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले. कमली आता दोन लेकरांची आई, चुलीपाशी बसलेली. याडीनं बाजेवरूनच आपल्या भाकरीच्या मापाला हात पुढे केला. वाळून केवढासा झाला होता तो! कमलीनं तो हलकेच पांघरुणात ठेवला आणि पिठात आपला रुंद पंजा उमटवला.

"एवढी मोठी कायले वं?" याडी म्हणाली. "माहा हात केवढा राह्यला आता."

"हाही तुहाच हात हाये," कमली म्हणाली. "तूनंच तं वाढवला."

दुधात कुस्करलेली ती भाकर याडीला दोन घासांपलीकडे गेली नाही. उरलेली आम्ही दोघींनी त्याच ताटलीत खाल्ली. ती संपेपर्यंत याडी आमच्या हातांकडे बघत होती.