बाटलीचे वाटे

आमच्या डॉक्टरबाई मिशनच्या कामासाठी सातासमुद्रापलीकडून आल्या आणि मांडव्याला होडीतून उतरताना पहिल्याच पावलाला गुडघाभर चिखलात रुतल्या. दुसरी कुणी असती तर रडली असती. या हसल्या आणि मला म्हणाल्या, "तुमचा देश मला इतक्यात सोडणार नाही असं दिसतंय." तेव्हापासून त्या मला आवडल्या त्या कायमच्या.

मी मूळची नगरकडची, मिशनच्याच दवाखान्यात नर्सिंग शिकलेली. समुद्र मलाही नवा होता, आणि सुकटीचा वास तर असा की सुरुवातीला मी पदर नाकाला लावूनच फिरत असे. डॉक्टरबाईंनाही तो वास सोसवत नसे. पण त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. नुसत्या लालबुंद व्हायच्या.

किहीमजवळ आमचा दवाखाना होता, झावळ्यांनी शाकारलेला. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून होड्या भरून रोगी यायचे. त्यांची तपासणी झाली की डॉक्टरबाई आपल्या शिकाऊ मराठीत शुभवर्तमानातली एखादी गोष्ट सांगायच्या. प्रभूचे शिष्य कोळी होते, जाळं फाटेस्तोवर त्यांना मासळी मिळाली, ही गोष्ट लोकांना फार आवडायची. पण ती संपली की प्रश्न ठरलेला, "मंग त्या म्हावऱ्याचे वाटे कसे परले?" मासळीची वाटणी कशी झाली हे कळल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नसे. डॉक्टरबाई माझ्याकडे बघायच्या. मी छताकडे बघायची.

एकदा त्या वाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला त्याच्याच होडीत घालून आणलं. हिवतापाने त्याची पार रया गेली होती, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट टणक झालं होतं. तो होडीचा मालक आणि सुकाणू त्याच्याच हातात, त्यामुळे त्याचे खलाशी नुसते हवालदिल झाले होते. डॉक्टरबाईंनी क्विनाइनची मोठी बाटली दिली, रोज किती घ्यायचं ते मी चारचारदा बजावलं. बाटली घेऊन होडी परत गेली.

काही दिवसांनी त्याच होडीतून निरोप आला की म्हातारा आता उठतही नाही. आम्ही धावत गेलो. तो गोधडीखाली कुडकुडत होता आणि बाटली रिकामी होती. मी त्याच्या बायकोला विचारलं, तेव्हा तिने अगदी सहज सांगितलं की औषध होडीतून आलं, त्याच दिवशी किनाऱ्यावर त्याचे वाटे पडले. एक वाटा होडीचा, तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर ओतला. एक जाळ्यांचा, तो जाळ्यांवर शिंपडला. उरलेलं सगळ्या खलाशांनी तोंडं वेडीवाकडी करून प्यायलं. तांडेलाच्या वाट्याला आलं घोटभर.

माझा पारा चढला. अख्खा वाडा गोळा होईल असं मी खलाशांना फैलावर घेतलं. मासळी आणि औषध यातला फरक कळत नाही का तुम्हाला, म्हटलं. खलाशी माना खाली घालून उभे राहिले. तेवढ्यात गोधडीतून तांडेलाचा आवाज आला, "त्यांना नको बोलू बाय. मीच बोललो. होरीवर जे आला, त्याचा वाटा पराला पायजे. मी एकलाच पिऊ न् पोरांनी बघत बसाचा?"

मी पुन्हा तोंड उघडणार, तर डॉक्टरबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "म्हणजे होडीतून आलेल्या वस्तूचाच वाटा पडतो?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं. तो व्हय म्हणाला. "आणि चालत आलेल्या?"

म्हातारा विचारात पडला. "तिचा न्हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरबाई औषध घेऊन चालत निघाल्या. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलातून, भरती असली तर वरच्या बांधाने लांबचा वळसा घालून. खलाशी रोज होडी घेऊन उभे असत आणि त्या रोज मानेनेच नकार देत. कालवांच्या कवचांनी त्यांचे पाय कापले, त्यावर त्या आयोडीन लावत आणि पुन्हा निघत. मी मागून कुरकुरत चालायची. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी इतकं कशाला, असं एकदा मी बोलूनही दाखवलं. "हट्ट नाही तो," त्या म्हणाल्या. "मरणाच्या दारात असताना आपल्या माणसांना टाकून पीत नाही तो. असा माणूस मला जगायला हवाय." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की पुढचा चिखल मी निमूट तुडवला.

म्हातारा घोट घोट औषध प्यायला, एकटा, कारण त्यात कुणाचा वाटा नव्हता. ताप उतरला. मग पेज, मग भात, मग एक दिवस तो किनाऱ्यावर येऊन बसला. पुढे तो पुन्हा पहिल्यांदा मासळी धरायला समुद्रात गेला त्या दिवशी त्याने आम्हाला बोलावून घेतलं.

वाळूवर मासळीचे वाटे मांडले होते. त्यात एक वाटा जास्त होता.

"तुजा," तो डॉक्टरबाईंना म्हणाला.

"औषधाबद्दल मी काही घेत नाही."

"अवशदाचा कोन बोलतंय? ते तर तू चालत आनलंस. पन तू सोता कशी आलीस आमच्या मुलखान? बोटीनशी न? मंग तुजा वाटा आमाला भेटला. आता आमचा तू घे."

त्यांना ते नीट समजलं नाही. मला शुद्ध मराठीत पुन्हा सांगावं लागलं की तुम्हीही बोटीतूनच आलात, म्हणून तुमचा वाटा त्यांना मिळाला. ओल्या वाळूत बसून त्यांनी ती मासळी हाताने टोपलीत भरली.

परतताना त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तांडेलाच्या होडीत बसल्या. सुकाणूवर तोच होता. आमच्या किनाऱ्याला लागल्यावर खलाशी होडी मागे लोटणार, तोच डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी टोपली वाळूवर उपडी केली आणि वाटे मांडायला घेतले. एक होडीचा, एक जाळ्यांचा, तांडेलाचा, खलाशांचा, माझा आणि सगळ्यात लहान त्यांचा स्वतःचा.

"होडीतून आलंय ना?" त्या म्हणाल्या.

खलाशी खो खो हसले. म्हाताराही हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. होडीतून उतरला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि वाकून आपला वाटा उचलून घेतला.