दाजींनी खणलेला खड्डा

ताईचा फोन आला तेव्हा मी शेतातच होतो आणि दाजींवरच चिडलेलो होतो. सोयाबीन सलग दुसऱ्या वर्षी पिवळं पडलं होतं. माणूस गेल्याची बातमी ऐकताना त्याच्यावरचाच राग डोक्यात असावा, याची लाज वाटते... महिना झाला, तो राग अजून पुरता उतरलेला नाही. आता तो माझ्यावर आहे, एवढाच फरक.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माती तपासायच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर नोकरी केली आणि निवृत्त होऊन येरमाळ्याला राहिले. त्यांच्याबरोबर एसटीनं जाणं म्हणजे शिक्षा. खिडकीतून बोट दाखवत सांगायचे, हा माळ आणि तो खालचा काळा पट्टा, दोन्हींच्या पोटातला दगड एकच. ऊन-पावसानं तो फुटतो, झिजतो. बारीक माती पाऊस उतारावरून खाली नेतो आणि सखल जागी साठवतो, म्हणून वर मुरूम राहतो आणि खाली काळी. मी पेंगायचो. दगडमातीचं काय एवढं ऐकायचं, असं वाटायचं.

मग मी माझं उताराचं शेत सपाट करायला काढलं. दाजी सकाळीच शेतावर हजर. म्हणाले, आधी वरची वीतभर माती खरवडून बाजूला ढीग कर, मग उंचवटा काप आणि शेवटी तीच माती वर पसर. जेसीबीवाला म्हणाला, दुप्पट वेळ लागेल. पेरणी तोंडावर आली होती. मी चारचौघांत दाजींना म्हणालो, "तुमची प्रयोगशाळा आता बंद करा." ते निघून गेले. संध्याकाळी शेत कॅरमबोर्डासारखं दिसत होतं आणि मी फुशारकीनं फोटो काढत होतो.

पहिल्याच वर्षी निम्मं पीक पिवळं पडून वाळलं. दाजी न बोलावता कुदळ घेऊन आले आणि खालच्या अंगाला कमरेइतका खड्डा खणला. वर सगळा मुरूम, तळाला माझी काळी माती.

"दगडाची अशी माती व्हायला लई पिढ्या जातात," ते म्हणाले. "तू एका दिसात पुरलीस."

"मग आता काय करू?"

"शेणखत घाल, खतासाठी ताग पेरून हिरवाच मातीत गाड, आन् कळ काढ."

किती वर्षं, असं विचारलं तर नुसते हसले. मला ते हसणं झोंबलं. हट्टानं मी एक पाटीसुद्धा शेणखत टाकलं नाही. चुकलो म्हणायचं होतं... पुढच्या भेटीत म्हणू, म्हणत राहिलो.

तेराव्याला ताईनं त्यांच्या खोलीतल्या खिडकीतून तीन बरण्या काढून माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "ह्या तुझ्यासाठी ठेवल्या व्हत्या त्यांनी." तिन्हींवर त्यांच्या अक्षरात माझं नाव. पहिलीत काळी माती, तारीख जेसीबी आला त्या सकाळची. माझी बोलणी खाऊन जाताना मूठभर घेऊन गेले असणार. दुसरीत मुरूम, खड्ड्याच्या दिवसाचा. तिसरी रिकामी. तिच्यावर लिहिलंय, 'ताग गाडल्यावर, पाचव्या वर्षी'.

मी त्यांचं ऐकणार, हे हा माणूस धरूनच चालला होता. ताग आता पुढच्या पावसाळ्याशिवाय पेरता येत नाही. म्हणजे पहिलं वर्षच अजून सुरू व्हायचंय, आणि बरणी भरून घ्यायला दाजी नाहीत.