चोरटी नजर न देणारी शकू

त्या दिवशी सकाळी शकूच्या सुनेचा फोन आला, "मावशी, आई गेल्या," आणि मी आधी चिडलेच. दोनच दिवसांपूर्वी माझ्याकडे जेवून, भाजीला नावं ठेवून गेली होती ही बाई! आता महिना झाला. राग ओसरलाय, पण तिची आठवण आली की रडू यायच्या आत हसूच फुटतं, त्याला मी काय करू?

शकू नाशिकजवळच्या मखमलाबादची. पहाटे मळ्यातला झेंडू बाजारात पोचवायचा आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळीत तालमीला हजर. मी नाटकाचे कपडे भाड्याने देणारी, म्हणून ओळख. रंगाने सावळी, त्यामुळे तिला कायम मोलकरणीचं काम! दोन हजार सालाच्या सुमाराला मुंबईचे टीव्हीवाले बड्या घरांतल्या खऱ्या खुनांवर माहितीपट करायला इकडे येऊ लागले, आमच्या मंडळीतलेच नट घेऊन खून पुन्हा घडवायचे... त्यात शेठाणी गोरी, वकील गोरा, खुनी पुतण्यासुद्धा देखणा. सावळी एकटी आमची शकू, आणि पहिला संशय तिच्यावर. "सहा बंगल्यांत दाराआडून डोकावले गं," ती म्हणायची, "एकाही मोलकरणीला नाव नाही!"

सातवा बंगला नाशिकमधलाच. शेठजींना मारलं पुतण्याने, पण पोलिसांनी आधी स्वयंपाकाच्या सखूबाईंना तीन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. त्या सायखेड्याला असतात कळल्यावर शकूने मला ओढतच एसटीत बसवलं. सखूबाईंनी चहा दिला आणि हात जोडले. "ताई, पोलिसांना मीच बोलावलं, अन् मलाच बसवलं. मला चोरावानी नका दाखवू. नातीचं लगीन जमलंय, मोडंल. लोक अजून लय बोलतात." परतीच्या वाटेवर शकू एसटीच्या काचेत बघून मान ताठ धरायचा सराव करत होती. आता ही काय करणार... मला धडकीच भरली.

शूटिंगला दिग्दर्शक म्हणाला, "शकूताई, जरा चोरटी नजर द्या." शकू ताठ उभी, नजर सरळ. पुन्हा घेतलं, पुन्हा सरळ. सहाव्यांदा तो भडकला, "दुसरी बाई आणू का?" "आणा की! पण नवरा मेला तरी शेठाणीची लिपस्टिक हलत नाही, तिचा नाही येत हो तुम्हाला संशय? आणि बंगल्यात स्वयंपाकाला फाटका पदर? कोण शेठाणी चालवून घेईल?" सगळे फिदीफिदी हसायला लागले. मलाही चेव आला. शेठाणीच्या अंगावरचं सगळं माझंच होतं! ट्रंक उघडून मी तिला म्हटलं, "काढा बाई, साडी आणि मोती. आम्ही निघालो." दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. शेवटी शकूला धड साडी मिळाली आणि कॅमेऱ्यात बघून बोलायला एक वाक्य: "मी सखूबाई. पोलिसांना मीच बोलावलं."

ते टीव्हीवर लागलं, सायखेड्याच्या अख्ख्या गल्लीने पाहिलं. लग्न झालं, थाटात झालं. आम्हा दोघींना मानाचं बोलावणं होतं, आणि वरातीत शकू अशी नाचली की नवरदेवाकडे कोणी बघेना!

दहाव्याला सखूबाई नातीचा हात धरून आल्या. शकूच्या फोटोपुढे काठी बाजूला ठेवून सरळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "टेका जरा." तर म्हणाल्या, "चौकीत मी अशी कुठं उभी होते, बाई? लटलट कापत होते. हिनं टीव्हीत मला ताठ उभं केलं, तवापासून मी कोणापुढं वाकले नाय."