सोनाक्काची उलटतपासणी

सोनाक्काला कुठलीही गोष्ट एकदम पसंत पडत नसे. कर्जतच्या विश्रामगृहात ती स्वयंपाकाला होती. नवी म्हैस दाखवा, होणारा जावई दाखवा, तिचा सवाल एकच: "समदं खरं, पन वैशाखात काय?" जावयाने वैशाखात काय करायचं असतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. परदेशी मदतीतून नळयोजना व्हायची होती. तिच्यामुळे नदीचं, माणसांचं नुकसान तर होणार नाही ना, हे पाहायला एक गोरे साहेब आले. मी योजनेच्या कचेरीतला नवा आरेखक. इंग्रजी बरं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मार्गशीर्षातली नदी छान खळाळत होती. साहेब खूश, आमचे इंजिनिअर त्याहून खूश.

चहा ठेवता ठेवता सोनाक्का म्हणाली, "डोहात हीर खनाल, पन वैशाखात काय? खालच्या अंगाला आमची बुद्धवाडी वाळूतल्या झिऱ्यावर जगते."

बाई काय म्हणतात, साहेबांनी विचारलं. इंजिनिअरांनी माझ्याकडे डोळे वटारले. "साखर पुरे का, विचारतायत," मी सांगितलं. साहेब हसले.

सोनाक्का हसली नाही. "भाऊ, झिरा आटंल म्हनल्यावर मानूस हसत नाय. काय सांगितलंस रं त्यास्नी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंजिनिअरांकडे न बघता मी सगळं खरं सांगून टाकलं. नोकरी गेलीच, असं धरून चाललो होतो. साहेबांनी कप खाली ठेवला आणि पाहणी उन्हाळ्यापर्यंत लांबवली.

वैशाखात ते आले, तेव्हा सोनाक्काने त्यांना झिऱ्याकाठी बसवलं. करवंटीने पाणी काढायची, थांबायची, पाझरलं की पुन्हा काढायची. "हंडा भरंस्तवर उठायचं नाय," तिने बजावलं. साहेबांची मान उन्हाने लालभडक झाली, पण ते उठले नाहीत. त्यांच्या अहवालाने विहीर वाडीच्या खालच्या अंगाला सरकली आणि वाडीलाही एक नळ मिळाला.

नळ सुटला त्या दिवशी पहिला तांब्या सोनाक्काने भरला. पुढारी, इंजिनिअर सगळे पुढे उभे होते. त्यांना ओलांडून ती माझ्याकडे आली.

"आक्का, मी तर आधी खोटं बोललो होतो."

"ठावं हाय. खोटं बोललास आनि माज्याम्होरंच सुदारलंस. पी आता."

पाणी गोड होतं का, आठवत नाही. डोळेच भरून आले होते. सोनाक्का जाऊन बरीच वर्षं झाली. पुढे मी कितीतरी पाहण्यांत दुभाष्या म्हणून बसलो, पण कुणा बाईचा एक शब्दही बदलला नाही.