अहवालातलं माझं वाक्य

माझे मिस्टर सात वर्षं सरकारचे सल्लागार होते. त्याआधी ते गोंदियाच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. हौस म्हणून एका पुढाऱ्याला भाषणं लिहून देऊ लागले. तो पुढारी मोठ्या खुर्चीवर बसला आणि यांना मुंबईला घेऊन गेला. मी गोंदियातच राहिले, कारण माझी नोकरी सालेकसा तालुक्यात होती, जंगलातल्या एका टोल्यावरच्या, म्हणजे लहानशा वस्तीवरच्या, सरकारी शाळेत. सकाळच्या गाडीनं सालेकसा स्टेशनला उतरायचं, तिथे ठेवलेली स्कूटी काढायची आणि मोहाच्या झाडांमधून टोल्यावर जायचं. शाळेत एक खोली, चार वर्ग, नऊ मुलं आणि मी. शिवाय खिचडी शिजवणारी एक बाई. टोल्यावरचीच, नवरा नसलेली, धानाची रोवणी आणि तेंदूपत्ता करून जगणारी. तिची मुलगी माझ्याकडे दुसरीत होती.

एका उन्हाळ्यात हे चार दिवस घरी आले होते. जेवताना यांनी मला शाळेबद्दल विचारायला सुरुवात केली. मुलं किती, पुढची शाळा किती लांब, चारही वर्गांना एकदम कसं शिकवतेस. इतक्या वर्षांत यांनी माझ्या कामाबद्दल एवढं विचारलं नव्हतं, म्हणून मलाही बरं वाटलं. मी बोलत गेले. त्या आठवड्यात मी जनगणनेसारखं कुठलंसं सर्वेक्षण करून उन्हात भाजून निघाले होते. चौथीच्या मुलाला भागाकार शिकवताना पहिलीतली दोघं भांडतात, अर्धा दिवस माहिती भरण्यात जातो, असं सगळं सांगितलं. आणि वैतागून म्हटलं, ‘नऊ पोरांची शाळा म्हणजे शाळा नाही, पाळणाघर आहे.’ हे हसले. पानावरचा भात संपवला आणि उठून आत गेले.

दीड वर्षानं कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा निर्णय आला. त्यामागचा अहवाल यांनीच तयार केला होता. पेपरांनी यांना सरकारचा मेंदू म्हटलं आणि शिक्षक संघटनांनी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अहवाल मी केंद्रप्रमुखांच्या टेबलावर पहिल्यांदा पाहिला. बाराव्या पानावर लिहिलं होतं, की दुर्गम भागातल्या एका अनुभवी शिक्षिकेच्याच शब्दांत सांगायचं तर अशी शाळा म्हणजे शाळा नसून पाळणाघर असतं. केंद्रप्रमुखांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, कोण बाई असेल हो ही? मी म्हटलं, माहीत नाही.

यांना मी फोनवर विचारलं. हे म्हणाले, ‘तुझं नाव कुठे आहे? आणि खोटं आहे का त्यात काही?’ खोटं नव्हतं. मी फोन ठेवला.

आमची शाळा बंद झाली. मुलांना चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जायचं होतं, मधे जंगल आणि एक नाला. गाडी देऊ असं सरकार म्हणालं होतं, ती दिवाळीपर्यंत आली आणि मग येईनाशी झाली. मुलं सायकलींवर जाऊ लागली. तीन मुली घरी बसल्या. त्यांत खिचडीवाल्या बाईची मुलगी होती. बाईचं कामही गेलं. माझी बदली त्याच मोठ्या गावात झाली होती, त्यामुळे मी रोज टोल्याच्या फाट्यावरून जायची. ती मुलगी कधी कधी शेळ्या घेऊन फाट्यावर दिसायची. शाळेत का येत नाहीस, असं मी स्कूटी थांबवून विचारायची, ती शेळीच्या कानाशी खेळत बसायची. काही दिवसांनी मी फाट्याजवळ वेग वाढवू लागले.

मग मागच्या वर्षी यांनी सरकार सोडलं. आधी मला कळलं नाही, टीव्हीवर दिसलं. अहवालात गाड्या आणि वसतिगृहं सुचवली होती, सरकारनं फक्त कुलपं लावली, गरिबांची फसवणूक झाली, असं हे सांगत होते. ते खरं होतं. त्याच महिन्यात यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला होता, हेही खरं होतं. यातलं आधी कुठलं आणि मागून कुठलं, ते मी आजही सांगू शकत नाही. यांना विचारलं तर हे दर वेळी पहिलंच सांगतात, आणि मला वाटतं तसं ते मानतातही.

घरी आले ते दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी घेऊन. त्या दिवसापासून आमचं घर आमचं राहिलं नाही. काल शिव्या देणारे आज हार घेऊन आले. बैठकीच्या खोलीत पत्रकार परिषद झाली, मी आतून चहाचे ट्रे देत होते. यांचे जुने सहकारी फोन उचलेनात. समोरच्या पानठेल्यावर एक अनोळखी माणूस रोज सकाळपासून बसू लागला. शेजारीण म्हणाली, पुलिसवाला है भाभी, सादे कपड़े में. खरं की खोटं देव जाणे, पण मी समोरची खिडकी लावून घेतली. गच्चीवर कपडे वाळत घालायलाही मी दुपारची वेळ बघून जायची.

शाळेत मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. एक दिवस मुख्याध्यापकांनी मला बोलावून लिफाफा दिला. शासकीय कर्मचाऱ्याच्या घरी शासनविरोधी बैठका होत असल्याचं निदर्शनास आलं आहे, खुलासा करावा. मी खुलाशात लिहिलं की घर माझ्या पतीच्या नावावर आहे. यापेक्षा वेगळं काय लिहिणार होते? नोकरीत आणखी अकरा वर्षं बाकी होती. नवऱ्याला बोलणं थांबवा म्हणू शकत नव्हते, कारण बोलत होते ते बरोबर होतं. आणि त्यांच्या बाजूनं उभी राहू शकत नव्हते, कारण बारावं पान मला पाठ होतं.

सरकारकडून यांना उत्तर आलं ते त्याच अहवालातून. प्रवक्त्यानं टीव्हीवर तेच वाक्य वाचलं आणि म्हणाला, हे आम्ही नाही, साहेबांच्याच लेखणीतून आलेलं आहे. त्या संध्याकाळी हे माझ्यासमोर येऊन बसले. बंद झालेल्या शाळेसमोर रविवारी सभा घ्यायची ठरली होती. मी तिथे दोनच वाक्यं बोलावीत, असं यांचं म्हणणं होतं. ती शिक्षिका मी, आणि माझ्या बोलण्याचा अधिकाऱ्यांनी विपर्यास केला. मी नोकरीचं कारण सांगितलं. हे म्हणाले, बरं, बोलू नकोस, नुसती ये. तिथली माणसं तुला ओळखतात, मला नाही.

मी गेले. का गेले? त्या टोल्यावर दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, आणि एकटीनं जायची हिंमत नव्हती.

मोहाच्या झाडाखाली ताडपत्र्या अंथरल्या होत्या. शाळेच्या दाराला कुलूप तसंच, व्हरांड्यात कोणीतरी धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, रचलेलं. पन्नासेक माणसं होती. बाहेरून आलेले दोन पुढारी बोलले, मग हे उठले. हे बोलायला लागले की माणसं ऐकतात. शाळा तोडणारं सरकार, मुलींचं भविष्य, असं सगळं छान मांडत गेले. मधेच खिचडीवाली बाई बसल्या जागेवरून बोलली. आवाज चढवला नव्हता.

‘शाळा बंद करायचा कागद कोनं लिवला जी?’

‘सरकारनं,’ हे म्हणाले.

‘तवा तुमी तिथंच होते ना जी? मंग तवा काऊन नाही बोल्ले?’

यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं की अहवालासाठी शिक्षकांशी चर्चा झाली होती, एका शिक्षिकेनं मोकळेपणानं अडचणी सांगितल्या होत्या, आणि वर बसलेल्यांनी तिच्या शब्दांचा वापर करून घेतला. यांनी माझं नाव घेतलं नाही. पण त्या टोल्यावर शिक्षिका एकच होती. सगळी माणसं माझ्याकडे वळली. एक जण मोबाईलवर चित्रण करत होता, तोही वळला.

बाईनं विचारलं, ‘मॅडम, तुमी म्हनल्या होत्या का जी?’

पळायला जागा नव्हती. एका बाजूला शाळेची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना माणसं. नाही म्हटलं असतं तर हे खोटे ठरले असते. नुसतं हो म्हटलं असतं तर शाळा मीच बंद केली असं ठरलं असतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘मी म्हणाले होते. घरी, जेवताना, थकून. लिहून यांनी घेतलं. दुसऱ्या कोणी नाही.’

कोणी ओरडलं नाही. पुढाऱ्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. यांनी माईक खाली ठेवला. बाई म्हणाली, ‘तुमी सांगतलं तरी.’ मग ती उठून गेली. तिच्यामागून हळूहळू बाकीचीही उठली.

परतताना गाडीत, सालेकसा ओलांडल्यावर हे म्हणाले, ‘एवढं स्पष्ट बोलायची गरज नव्हती.’ मी म्हटलं, होती.

चित्रण दोन दिवसांत सगळीकडे फिरलं. सरकारच्या माणसांनी ते आनंदानं दाखवलं. हार आणणारे यायचे बंद झाले, पानठेल्यावरचा माणूसही गेला. शासनविरोधी सभेला हजर राहिले म्हणून माझी चौकशी झाली आणि बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आता बसनं दोन तास जायला, दोन तास यायला. शाळा उघडली नाही. इमारत धोकादायक आहे, असा शेरा तिच्यावर पडला.

हे घरीच असतात. दोन्हीकडचे कोणी बोलावत नाहीत. सकाळी माझा डबा भरून देतात, दुपारभर सरकारच्या चुकांवर लिहितात आणि संध्याकाळी वाचून दाखवतात. लिहिलेलं बहुतेक खरं असतं. मी ऐकते. उठून जावंसं वाटतं, पण सकाळी पाचला उठलेलं शरीर खुर्चीतून उठत नाही.

गेल्या महिन्यात जुन्या शाळेतून माझे कागद आणायला गेले, तेव्हा सालेकशाच्या बाजारात ती बाई भेटली. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकत बसली होती. मुलीला आश्रमशाळेत टाकलं, म्हणाली, सुट्टीतच घरी येते, तिच्याविना करमत नाही. मुलगी वाचते का, विचारलं तर म्हणाली, वाचते जी. मग तिनं विचारलं, ‘साहेब का करून राहिले?’

‘घरीच असतात,’ मी सांगितलं.

‘आन तुमी?’

मी म्हटलं, मी पण त्याच घरी, शाळा तेवढी लांब गेली. तिनं पानाच्या द्रोणात टेंभरं भरली, वर आणखी दोन ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.