आत्याचा रकाना

धाकटा भाऊ गेला त्याला आता आठ महिने झाले. त्याच्या पहिल्या तपासणीचा फॉर्म मीच भरला होता. चष्मा घरी राहिला म्हणून तो म्हणाला होता, "ताई, जन्मभर पोरांचे पेपर तपासलेस, आता माझा एक सोडव."

कुटुंबात कोणाला कर्करोग झाला होता का, असा एक प्रश्न होता. आमच्याकडे आजोबांनी लिहिलेली नऊ पिढ्यांची वंशावळ आहे. कोण सरकारात कोणत्या खात्यात होता, कशाने गेला, सगळं त्यात आहे. मला ती पाठ आहे. मनातल्या मनात एकेका नावावरून उतरत आले. विषमज्वर, हृदयविकार, वार्धक्य. मी लिहिलं, "नाही."

रोग गुदाशयाचा होता. भावाला तो शब्द उच्चारवत नसे, चारचौघांत तो "आतड्याचं" म्हणायचा. रक्त पडतंय हे त्याने कित्येक महिने घरातही सांगितलं नव्हतं. आधी किरणांचे शेक आणि गोळ्या, गाठ आटली की शस्त्रक्रिया, असं ठरलं. पोटावर शौचाची कायमची पिशवी लागू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. अलकापुरीतल्या दवाखान्यातून शेक घेऊन परतताना रिक्षात रोज विचारायचा, "आटेल ना गं?"

"आटेल."

गाठ आटली नाही. उलट यकृतावर डाग दिसले. डॉक्टर माझा जुना फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. "घरात नक्की कोणालाच नव्हता?" मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी आपल्या गुजरातीत विचारलं, "बेन, तमारे कोई फोई हतां?"

फोई म्हणजे आत्या. आत्या होती. इंदूरला दिलेली, चाळिशीतच "पोटाच्या दुखण्याने" गेलेली. वंशावळीत ती नाही, कारण आजोबांनी तीत मुली लिहिल्याच नाहीत. मीही नाही, आणि मला ते कधी खटकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी इंदूरच्या आतेभावाला फोन केला. "आईला आतड्याचा कॅन्सर होता," तो म्हणाला. "तुमच्याकडून कोणी विचारलंच नाही कधी."

पहिल्या तपासणीच्या वेळी काढून ठेवलेला गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला. पेशी आपली प्रत काढताना ज्या चुका करते, त्या दुरुस्त करणारी यंत्रणा त्या गाठीत बंद होती. अशा गाठीला नेहमीची औषधं पुष्कळदा पुरत नाहीत. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध मात्र चांगलं लागू पडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "फॉर्मवर काहीही असो, ही तपासणी मी सुरुवातीलाच मागवायला हवी होती. सगळं स्वतःवर घेऊ नका." मी घेतलंच.

नवं औषध सुरू झालं. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्यावर आली होती. भावाने ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "उशिरा दिलास ताई, पण पेपर पास झाला," तो म्हणाला. पण तोवर त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं. छातीत संसर्ग झाला आणि तीन आठवड्यांत तो गेला. औषध शेवटपर्यंत लागू पडत होतं.

त्याच्या रक्तातही जनुकांतला तोच, घराण्यातून आलेला दोष निघाला होता, म्हणून आम्हा सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं. माझा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. मी तो कपाटात पुस्तकांच्या मागे ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही.

काल बंगळूरहून भाची, भावाची मुलगी, फोनवर बोलत होती. "आत्या, तपासणीचा फॉर्म भरतेय. बाबांचं लिहिलं. इथे वडिलांच्या बहिणीचा रकाना आहे. कोरा सोडू?"

"पेन घे," मी म्हटलं.

"ऑनलाइन आहे गं!"

"बरं, मग टाइप कर. आधी बाबांच्या आत्याचं. आतड्याचा कर्करोग. पोटाचं दुखणं लिहू नकोस."

कीबोर्डची टकटक ऐकू आली. "आणि तुझं?"

कपाटाकडे पाहत मी सांगितलं, "दोष आहे. रोग अजून नाही. दोन्ही लिही."